वेळूच्या घराची अग्निपरीक्षा

होळीच्या सुमारास आमच्या धूलकोटच्या आसपास सातपुड्याचा उतार पळसाच्या फुलांनी पेटल्यासारखा दिसू लागतो. पाहुण्यास ते दृश्य मोठे रमणीय वाटते. येथे राहणाऱ्यास मात्र त्याच दिवसांत खऱ्या आगीची धास्ती लागलेली असते. गवत वाळून कडकडीत झालेले असते, विहिरींचे पाणी खाली गेलेले असते आणि दुपारचा वारा कोणत्या दिशेने फिरेल ह्याचा नेम नसतो. अशा दिवसांत एका ठिणगीने पाड्यातील एखादे घर पाहता पाहता नाहीसे होते.

गेल्या चैत्रात आमच्या एका विद्यार्थ्याच्या घरावर हा प्रसंग आला. घर म्हणजे सागाच्या चार मेढी, वेळूच्या तट्ट्यांच्या भिंती आणि वर गवताचे छप्पर. बंब डोंगरवाट चढून येईपर्यंत सर्व आटोपले होते. माणसे व गुरे वाचली हे दैवच म्हणावयाचे. परंतु दाणागोटा, पांघरुणे आणि मुलाची वह्यापुस्तके राख झाली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे-तिघे शिक्षक तेथे गेलो, तेव्हा त्याचे वडील काठीने राख उकरीत होते. मला पाहून ते थांबले व म्हणाले, "गुरुजी, तुम्ही विज्ञान शिकवता. एवढेच सांगा, वेळू जळतो ना?"

मी म्हणालो, "जळतो."

"मग आता वेळूचे घर पुन्हा बांधायचे नाही," असे म्हणून ते पुन्हा राख उकरू लागले. पुढे त्यांनी पत्र्याचे खोपट उभे केले. वैशाखात त्या पत्र्याखाली दुपारी बसवत नसे. मुलगा अभ्यासाची पाटी-पुस्तके घेऊन आंब्याखाली जाऊन बसे. ते पाहिले म्हणजे मला माझे उत्तर आठवते. ते खोटे नव्हते, पण अपुरे होते; आणि त्या अपुऱ्या उत्तरावर विसंबून एका कुटुंबाने आपले घर कशाचे असावे हे ठरविले. ते उत्तर पुरे करावे, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहे.

प्रथम, त्या रात्री नेमके काय जळाले ते पाहू. ठिणगी पडली ती गवताच्या छपरावर. तेथून ज्वाळा तट्ट्यांवर उतरल्या. तट्ट्या म्हणजे वेळूच्या पातळ कामट्यांची विरळ वीण. तिला दोन्ही बाजूंनी वारा मिळतो आणि मध्ये अडविणारे काहीच नसते. आपल्या घरी आई चूल पेटविते तेव्हा प्रथम ओंडका ठेवीत नाही; ढलप्या आणि काटक्या ठेविते. लाकूड तेच, परंतु काटकी चटकन पेटते आणि ओंडक्यास वेळ लागतो. कारण पातळ वस्तूस तिच्या वजनाच्या मानाने पृष्ठभाग फार असतो. उष्णता आत जाण्यास वाट जवळची आणि प्राणवायू चहूंकडून. ज्या घराची भिंत काटक्यांची आणि छप्पर गवताचे, ते घर म्हणजे मांडून ठेविलेली चूलच होय.

ह्या घटनेनंतर शाळेच्या मोकळ्या मैदानात, पाण्याच्या बादल्या जवळ ठेवून, आम्ही शिक्षकांनी मुलांदेखत एक साधा प्रयोग केला. एक पातळ कामटी, एक भरीव वेळूचा जाड तुकडा आणि शेणमातीचा लेप देऊन वाळविलेला एक तट्ट्याचा तुकडा, अशा तीन वस्तू सारख्याच ज्योतीवर धरल्या. कामटी लागलीच पेटली. जाड तुकडा काळा पडला, धुमसू लागला, आणि ज्योत काढून घेताच त्यावरील ज्वाळा हळूहळू विझली. लेपाचा तुकडा तापला, भेगाळला, पण आतील वीण पेटली नाही. वेळू तिन्ही ठिकाणी एकच होता. आगीने मात्र तिघांशी तीन प्रकारे व्यवहार केला. (विद्यार्थ्यांनी हा प्रयोग घरी एकट्याने करू नये.)

जाड तुकडा का टिकला? लाकूड सुमारे 300 अंश सेल्सिअस तापले म्हणजे त्याचा कोळसा होतो. हा कोळशाचा थर उष्णतेस सहजासहजी आत जाऊ देत नाही. त्यामुळे गाभा बराच काळ थंड व मजबूत राहतो. पट्ट्या चिकटवून केलेल्या मऊ लाकडाच्या तुळईत हा थर मिनिटास सुमारे 0.65 मिलिमीटर ह्या वेगाने आत सरकतो, असे मान युरोपातील बांधकामसंहितेत धरलेले आहे. म्हणजे अर्ध्या तासात सुमारे 20 मिलिमीटर. आता गणित करा. 150 मिलिमीटर चौरस खांब चारी बाजूंनी अर्धा तास जळाला, तर आत 110 मिलिमीटरांचा गाभा उरतो. क्षेत्रफळ निम्म्याहून थोडे अधिक शिल्लक राहते. तोच खांब 50 मिलिमीटरांचा असता तर आत केवळ 10 मिलिमीटरांची काडी उरली असती. उलट, जे पोलाद कधी जळत नाही म्हणून आपण त्यावर विसंबतो, ते साडेपाचशे ते सहाशे अंशांच्या दरम्यान आपले जवळजवळ निम्मे बळ गमावून बसते. 'जळत नाही' आणि 'आगीत उभे राहते' ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे येथे ध्यानात यावे.

अखंड वेळूची अडचण त्याच्या घडणीतच आहे. तो पोकळ असतो. त्याची भिंत पुष्कळदा बोटाच्या जाडीचीही नसते. तेव्हा कोळशाचा थर जमून गाभा वाचावा, तर गाभाच नाही. शिवाय दोन पेरांमध्ये कोंडलेली हवा तापून फुगते आणि पेर फुटते. डोंगरावर वणवा लागला असता वेळूच्या बेटातून येणारे फटाक्यांसारखे आवाज आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असतील. ह्या बाबतीत आमचा सातपुड्याचा मानवेल भाग्यवान म्हणावा लागेल, कारण कोरड्या डोंगरात वाढलेला मानवेल जाड सालीचा व पुष्कळदा भरीवच असतो.

ही अडचण दूर करण्याचा आधुनिक मार्ग म्हणजे ज्यास इंजिनिअर्ड बांबू म्हणतात तो माल. वेळू चिरून त्याच्या चौकोनी पट्ट्या काढतात, त्या रंधून सारख्या करतात आणि सरसाने एकमेकींस चिकटवून, दाबून त्यांच्या फळ्या व तुळया घडवितात. दुसऱ्या प्रकारात वेळू चेचून त्याचे तंतू मोकळे करतात, ते राळेत भिजवून प्रचंड दाबाखाली एकजीव करतात; असा ठोकळा पाण्यात टाकला तर बुडण्याइतका जड होऊ शकतो. तिसरा प्रकार चटईच्या फळ्यांचा. विणलेल्या चटया राळ लावून एकावर एक दाबल्या की फळी तयार होते. बंगळूर येथील प्लायवूड संशोधन संस्थेने ह्या विषयात पुष्कळ काम केले, आणि अशा फळ्यांसाठी भारतीय मानक 1994 सालीच निघाले. पोकळ वेळूपासून भरीव तुळई झाली, म्हणजे काटकीचा ओंडका झाला. आगीच्या दृष्टीने हा मोठाच लाभ आहे.

परंतु लाभ सांगताना उणिवाही सांगितल्या पाहिजेत. पहिली उणीव सरसाची. थर ज्या सरसाने जोडलेले, तो उष्णतेने मऊ पडला तर जळालेला थर गळून पडतो आणि खालचा कोरा पृष्ठभाग ज्वाळांच्या तोंडी येतो. मग कोळशाच्या संरक्षणाचा हिशेब चुकतो. म्हणून कोणता सरस वापरला हा प्रश्न कोणता वेळू वापरला ह्याइतकाच महत्त्वाचा आहे. दुसरी उणीव अशी, की वेळूचे बळ तो कोळसा होण्याच्या पुष्कळ आधीच, केवळ तापण्याने, घटू लागते. तिसरी गोष्ट अग्निरोधक द्रव्यांची. टाकणखार व बोरिक आम्ल ह्यांच्या द्रावणात मुरविलेला वेळू किडीपासून वाचतो, आणि द्रावण भरपूर मुरले असेल तर पेटण्यासही विलंब लावतो. पण ही द्रव्ये पाण्यात विरघळणारी आहेत. आपल्या पावसाळ्यात उघड्या भिंतीवरून ती धुऊन जातात; त्यांचा उपयोग वळचणीच्या आत, कोरड्या जागी. त्यामुळे 'अग्निरोधक बांबू' अशी पाटी लावून कोणी माल विकू लागला, तर त्यावर तेवढ्याने विश्वास ठेवू नये.

ह्या दोन्ही बाजूंचा पुरावा एकाच जिल्ह्यात मिळतो. आपल्यासारखाच वेळूच्या वनांचा मुलूख म्हणजे विदर्भातील चंद्रपूर. तेथे चिचपल्ली येथील बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रासाठी वेळूची भव्य वास्तू उभी राहत होती. 2021 च्या फेब्रुवारीत, बांधकाम चालू असतानाच, तिला मोठी आग लागली. ज्या वस्तूचे महत्त्व पटवून द्यावयाचे, तिचेच भवन जळावे, ह्याहून मोठा धक्का कोणता? 'पाहा, वेळू शेवटी वेळूच,' असे म्हणणाऱ्यांस मोठाच दाखला मिळाला. परंतु दोनच वर्षांनी, 2023 च्या मार्चमध्ये, वणी ते वरोरा ह्या महामार्गावर 200 मीटर लांबीचा वेळूचा कठडा बसविल्याचे जाहीर झाले. वरोरा त्याच चंद्रपूर जिल्ह्यात आहे. 'बाहुबल्ली' असे नाव दिलेल्या ह्या कठड्याची वाहनांच्या धडकेची परीक्षा आपल्या मध्य प्रदेशातील पीथमपूर येथे झाली, आणि रुरकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेत झालेल्या अग्निपरीक्षेत त्यास पहिला वर्ग मिळाला.

ह्या दोन घटनांपैकी एक खरी व दुसरी खोटी असे मानण्याचे कारण नाही. वेळू जळू शकतो हे चिचपल्लीने दाखविले. वेळूवर योग्य संस्कार केले तर तो कठोर परीक्षेस उतरू शकतो हे वरोऱ्याच्या वाटेने दाखविले. मात्र त्या पहिल्या वर्गाचा अर्थही नीट समजून घेतला पाहिजे. आपल्या देशातील रूढ वर्गवारीत पहिला वर्ग म्हणजे ज्या पृष्ठभागावर ज्वाळा अत्यंत कमी पसरतात तो. ज्वाळा पसरणे ही एक गोष्ट, आणि घराची भिंत भार घेऊन उभी राहणे ही दुसरी. शिवाय तो कठडा क्रिओसोट तेलात मुरविलेला व प्लॅस्टिकच्या लेपाचा आहे. रस्त्याच्या कडेस ते चालेल, आईच्या चुलीशेजारी चालणार नाही. तेव्हा कठड्याचे प्रशस्तिपत्र घराच्या दारावर लावू नये.

घरासाठी विचारावयाचे प्रश्न तीन आहेत, आणि अग्निपरीक्षा घेणाऱ्या प्रयोगशाळा तेच विचारतात. भिंत वा खांब भार घेऊन किती मिनिटे उभा राहिला? ज्वाळा व तप्त वायू भिंतीतून पलीकडे केव्हा गेले? पलीकडचा पृष्ठभाग किती तापला? ही परीक्षा भट्टीत होते, आणि भट्टी ठरलेल्या क्रमाने तापविली जाते: अर्ध्या तासात सुमारे 842 अंश, एका तासात सुमारे 945 अंश. उत्तर येते ते मिनिटांत. त्या मिनिटांत आजीला बाहेर आणता येते, गाय सोडता येते, पाळण्यातले मूल उचलता येते. गवताचे छप्पर अशी मिनिटे जवळजवळ देतच नाही. म्हणून वेळूला आपण 'जळतोस का?' असे विचारू नये. 'किती मिनिटे थांबशील?' असे विचारावे.

वस्तूच्या नावावरून निवाडा करण्याची घाई सर्वत्रच होते. 2025 च्या नोव्हेंबरात हाँगकाँगमधील वांग फुक कोर्ट ह्या उंच इमारतींच्या वसाहतीस भीषण आग लागून दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. इमारतींभोवती दुरुस्तीसाठी वेळूची परांची होती. प्रथम अनेकांनी बोट दाखविले ते वेळूकडे. तपासात मात्र परांचीवरील जाळीचे काही नमुने अग्निसुरक्षेच्या मानकास न उतरणारे निघाले, आणि खिडक्यांवर लावलेले फेसाळ प्लॅस्टिकचे पत्रे आग झपाट्याने पसरण्यास कारण झाल्याचे पुढे आले. वेळू तेथे होता व तोही जळाला, हे खरे. परंतु सर्व दोष त्याच्या माथी मारला असता, तर खरे दोषी सुटले असते आणि पुढच्या इमारतीवर तीच जाळी पुन्हा चढली असती.

आमच्या पाड्यांवरही नेमके असेच घडते. 2011 च्या सामाजिक व आर्थिक गणनेत घराच्या भिंतींचा प्रकार नोंदविताना गवत, पाचट आणि बांबू एकाच रकान्यात घातलेले होते. वास्तविक त्याच देशाच्या 2016 च्या राष्ट्रीय बांधकामसंहितेत बांबूसाठी स्वतंत्र विभाग आहे, आणि बांबूच्या बांधकामाचे भारतीय मानकही आहे. एका कागदावर जो गवताचा भाऊ, तोच दुसऱ्या कागदावर लाकडाच्या शेजारी बसतो. गावातील माणसापर्यंत पोचतो तो पहिला कागद. परिणामी, ज्यांच्या वाडवडिलांनी वेळूची घरे बांधली त्यांना वेळूची लाज वाटू लागते. बंगळूरच्या विमानतळाच्या 2022 साली उद्घाटन झालेल्या नव्या इमारतीत इंजिनिअर्ड बांबूचे छत प्रवासी मान वर करून पाहतात. माद्रिदच्या विमानतळावर 2006 पासून वेळूच्या पट्ट्यांचे विस्तीर्ण छत आहे. तेथे वेळू शोभेचा. आमच्या पाड्यावर मात्र तो दारिद्र्याची खूण. अर्थात विमानतळावर वेळू एकटा नसतो. त्याच्यासोबत धूर ओळखणारी यंत्रे व पाण्याचे फवारे असतात. आमच्या घरात तो एकटा पडतो, हाच खरा भेद आहे.

'मग सिमेंटचेच घर का नको?' असे कोणी विचारील. ज्यास परवडेल व हवे असेल त्याने ते अवश्य बांधावे. परंतु वेळू येथे उगवतो, तो वापरणारे हात येथे आहेत, आणि 2017 च्या दुरुस्तीनंतर वनाबाहेरील वेळू कायद्याने 'वृक्ष' राहिलेला नाही. शेतकऱ्यास आपल्या बांधावर तो लावून तोडण्याची वाट मोकळी झाली आहे. मेळघाटात लवादा येथे सुनील व निरुपमा देशपांडे ह्यांनी उभारलेल्या संपूर्ण बांबू केंद्राने कोरकू कारागिरांसह वेळूच्या कामास प्रतिष्ठा मिळवून दिली. आमच्याच डोंगररांगेत हे घडू शकते, तर धूलकोटला ते परके नाही.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. वेळूला 'कच्चा' म्हणून टाकू नये, आणि 'न जळणारा' म्हणून विकूही नये. शासनाने बांबूच्या भिंतींचे व छपरांचे नमुने भट्टीत तपासून घ्यावेत, आणि कोणती बांधणी किती मिनिटे टिकते ह्याचा तक्ता साध्या भाषेत प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावा. घराचा कच्चेपणा-पक्केपणा साहित्याच्या नावावरून न ठरविता त्या मिनिटांवरून ठरवावा. आणि जो कारखानदार वेळूच्या फळ्या विकील, त्याने सरस कोणता व परीक्षा कोठे झाली हे लिहून द्यावे.

परंतु तक्ता येईपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. पुष्कळशा गोष्टी आजच आपल्या हातात आहेत. गवताच्या जागी कवेलू घालावेत. तट्ट्यांच्या भिंतीस आतून-बाहेरून शेणमातीचा जाड गिलावा द्यावा व दरवर्षी भेगा बुजवाव्यात. आपल्या कुडाच्या भिंतीची ही जुनीच रीत आहे, आणि दूर दक्षिण अमेरिकेतील कोलंबियातही वेळूच्या सांगाड्यावर गिलावा देऊन घरे बांधण्याची पिढ्यान्पिढ्यांची परंपरा आहे. चुलीमागील भिंत मातीची वा विटांची असावी. कडब्याची गंजी घरास लागून रचू नये. विजेची तार वेळूवरून उघडी न नेता नळीतून न्यावी. दाराशी वाळूची एक व पाण्याची एक बादली भरलेली असावी. ह्यांपैकी कशासही कारखाना लागत नाही.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कित्येकांची घरे आजही वेळूची आहेत. त्यांची लाज बाळगू नका, आणि त्यांच्याविषयी बेफिकीरही राहू नका. उद्या तुमच्यातून कोणी अभियंता होईल, कोणी सरपंच होईल, कोणी केवळ आपले स्वतःचे घर बांधील. त्या वेळी वस्तूचे नाव न विचारता तिची बांधणी विचारा.

ह्या अंकाची प्रत मी त्या विद्यार्थ्याच्या हाती घरी पाठविणार आहे. त्याच्या वडिलांना वाचता येत नाही. तो त्यांना वाचून दाखवील. पत्र्याच्या खोपटाशेजारी ते पावसाळ्यानंतर एक खोली बांधणार आहेत, असे तो म्हणत होता. ती कशाची बांधावी हे त्यांनीच ठरवावयाचे आहे. माझे पुरे उत्तर एवढेच: होय, वेळू जळतो, पण त्या रात्री तुमचे घर इतक्या लवकर गेले ते छपरावरच्या गवतामुळे आणि उघड्या तट्ट्यांमुळे. खोली वेळूची बांधणार असाल, तर गिलाव्याच्या कामास आम्ही शिक्षक व वर्गातील मुले एक रविवार येऊ.